घरातला कॉम्प्युटर कुणाचा?



मुलुंडच्या या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झालं, नाट्यसंगीत झालं, हृदयविकारावर डॉक्टर बोलून गेले. यंदा कार्यकर्त्यांनी कॉम्प्युटरची सुरक्षितता हा विषय ठेवला, तेव्हा कुणीतरी म्हणालं म्हणे, ‘हे मुलांचं खातं, आपल्याला काय करायचंय?’ ते कोण म्हणालं मला ठाऊक नाही. पण आजचं माझं सगळं बोलणं त्यांनाच उद्देशून आहे.

आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या बँक लॉकरची किल्ली कुठे असते, हे घरात किमान दोघांना माहीत असतं. गॅसचं पुस्तक, विजेचा ग्राहक क्रमांक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, प्रत्येकाला एक जागा आहे आणि प्रत्येकाला एक माणूस आहे. आता सांगा, घरातल्या कॉम्प्युटरचा माणूस कोण? वायफायच्या राउटरचा पासवर्ड कुणी ठेवला? विंडोज शेवटची अपडेट कधी झाली? आजोबा म्हणतात, नातवाला विचारा. नातू म्हणतो, बाबांनी घेतलाय. बाबा म्हणतात, मी ऑफिसचा लॅपटॉप वापरतो, घरचा आईकडे असतो. आई म्हणते, मी फक्त नाटकाची तिकिटं काढते आणि पासबुक बघते. आणि मुलगी सिएटलहून सांगते, ‘डिसेंबरात आले की बघते.’

म्हणजे काय झालं? मुदत ठेवी ज्यातून दिसतात, वीस वर्षांचे फोटो ज्यात आहेत, घरातल्या सगळ्यांचे आधार आणि पॅन स्कॅन करून ज्यात ठेवलेत, ती वस्तू घरात बेवारस पडलीय. सगळे वापरतात, पण सांभाळत कुणीच नाही. मला आज एवढंच सांगायचंय की चोराच्या बाजूला चोख कारभार आहे आणि आपल्या बाजूला कारभारच नाही. बाकीचा तास हे कसं घडलं आणि त्यावर काय करायचं, यासाठी.

थोडं मागे जाऊ. कारण कॉम्प्युटर व्हायरसच्या इतिहासात आपला एक माणूस आहे, निदान आडनावाने तरी.

१९८६ साली लाहोरमधल्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. आयबीएम पीसीवर पसरलेला तो पहिला म्हणतात. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि चक्क फोन नंबर घालून ठेवला होता! आणि १९९० च्या जूनमध्ये आपल्या देशात सापडला तो ‘जोशी’. (हशा) हसू नका, जगभरच्या व्हायरसांच्या याद्यांमध्ये तो ‘जोशी’ याच नावाने नोंदलेला आहे. फ्लॉपीवरून शिरायचा. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून मशीन पुन्हा सुरू केलं तरी जागचा हलायचा नाही. पण वर्षभर गप्प. ५ जानेवारी उजाडली की मशीन अडवून बसायचा आणि पडद्यावर फर्मान सोडायचा: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. केलंत की वाट मोकळी. लाहोरच्या भावांसारखा पत्ता काही याने ठेवला नव्हता. पण मागणी बघा हो त्याची. एक शुभेच्छा! पैसा नको, पासवर्ड नको.

त्याच सुमाराला पुण्यात कैलाश काटकर कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करत होते. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडून दुरुस्तीच्या दुकानात लागलेले. दुरुस्तीला येणारी बरीच मशीनं बिघडलेली नसायचीच, त्यांना व्हायरस लागलेला असायचा. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी त्या व्हायरसांवर उतारा लिहायला घेतला. १९९५ मध्ये त्यांचं ‘क्विक हील’ बाजारात आलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मुंबईत तो डबा नाही असं कॉम्प्युटरचं दुकान नव्हतं. मला या गोष्टीचं कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. तेव्हाचा रोग आणि उतारा दोन्ही एका टेबलावर मावत. एक हुशार मुलगा खोडी काढायचा, दुसरा हुशार मुलगा ती निस्तरायचा.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. फोनची लाइन अडवून मोडेम किरकिरायचा आणि घरातलं कुणीतरी ओरडायचं, ‘मला फोन करायचाय, बंद कर ते!’ तरीही त्या तारेने सगळं पालटलं. फ्लॉपी हातात घेऊन कुणीतरी यायची गरज संपली. ४ मे २००० ला फिलिपिन्समधून निघालेलं एक ‘प्रेमपत्र’ काही तासांत जगभर पोचलं. विषय: आय लव्ह यू. सोबतची फाइल साधी मजकुराची दिसायची, टीएक्सटी. खरं म्हणजे तिच्या नावाला आणखी एक शेपूट होतं, व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम. विंडोज हे शेवटचं शेपूट दाखवतच नाही. गंमत म्हणजे आजही, इतक्या वर्षांनंतरही, आपण सांगितल्याशिवाय ते दाखवत नाही. घरी गेलात की फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. फुकट आहे, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ‘लग्नपत्रिका.पीडीएफ’ म्हणून आलेली फाइल प्रत्यक्षात ‘लग्नपत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ आहे हे दिसलं, तर हात आपोआप थांबतो.

मग खोडीचा धंदा कधी झाला? ज्या दिवशी पैसे उकळायची सुरक्षित वाट मिळाली, त्या दिवशी. बिटकॉइन आलं, नाव न सांगता खंडणी घेता येऊ लागली. आणि खंडणी म्हटलं की आपल्याला मोठ्या कंपन्या आठवतात. जून २०१७ मध्ये न्हावा-शेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं, कंटेनरच्या रांगा लागल्या होत्या, ते वाचलेलं असतं. मग वाटतं, माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये कुणाला काय मिळणार?

घाटकोपरच्या एका घरातलं सांगतो. नावं नकोत. आई घरून फराळाच्या ऑर्डर घेते. गिऱ्हाइकांचे नंबर, कुणाला साखर कमी, कुणाची उधारी किती, सगळं एका एक्सेलच्या फाइलीत. मुलगा कॉलेजात. प्रोजेक्टसाठी त्याला व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर हवं होतं. विकत घ्यायचं तर परवडत नाही, म्हणून त्याने ‘क्रॅक’ शोधला. त्या क्रॅकसोबत एक चिठ्ठी होती: इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा, तो उगीच अडवतो. मुलाने बंद केला. आता मला सांगा, दरोडेखोराने दारावर चिठ्ठी लावली की रात्री कडी काढून ठेवा, तर आपण काढू का? पण पडद्यावर सांगितलं की काढतो.

रात्री जेवणं झाल्यावर आईने ऑर्डर लिहायला मशीन उघडलं. फायलींची चिन्हं पांढरी पडत चालली होती. एक्सेलचं हिरवं चिन्ह गेलं, फोटोंच्या छोट्या प्रतिमा गेल्या. प्रत्येक नावाच्या शेवटी चार अक्षरांचं एक निरर्थक शेपूट. समोर, डोळ्यांदेखत, एकेक फोल्डर. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक चिठ्ठी, तिचा सूर अगदी धीर देणारा: काळजी करू नका, तुमच्या फाइली परत मिळतील. किंमत ९८० डॉलर. ७२ तासांच्या आत संपर्क साधलात तर निम्मी, ४९०. खात्री पटावी म्हणून एक फाइल फुकट सोडवून देऊ.

या जातीच्या खंडणीखोर प्रोग्रामला ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ म्हणतात. तो बंदरांच्या वाटेला जात नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे घरं, विद्यार्थी, छोटे धंदेवाले, आणि त्याची वाट म्हणजे फुकटचं चोरीचं सॉफ्टवेअर. भाव बघा कसा लावलाय. माणूस दागिना मोडून देईल इतपत, पोलिसांत जाण्याइतका मोठा नाही. सवलत आहे, मुदत आहे, नमुना आहे. हा दुकानदार आहे हो! जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा हव्या होत्या, याला हप्ता हवाय.

आणि घरात मग काय झालं? कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने बघितलं आणि तासाभरात फॉरमॅट मारून मशीन ‘नवीन’ करून दिलं. फाइली कायमच्या गेल्या. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण अशा वेळी कुलूपबंद झालेली डिस्क पुसायची नसते, काढून बाजूला ठेवायची असते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडच्या एम्सिसॉफ्ट कंपनीने याच जातीच्या १४८ प्रकारांवर फुकट उतारा काढला. नंतरच्या प्रकारांची कुलपं जास्त पक्की आहेत, तरी हल्ला होताना इंटरनेट तुटलेलं असलं तर मशीनला सर्वांची सामाईक किल्ली लागलेली असते, आणि ती कधीतरी हाती लागू शकते. ज्यांनी डिस्क ठेवली त्यांना आशा तरी राहिली. शिवाय या प्रोग्रामसोबत बहुतेक वेळा दुसरा एक पाहुणा येतो, तो ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड उचलून नेतो. म्हणजे फॉरमॅट झालं, सगळं स्वच्छ झालं, आणि ईमेलचा पासवर्ड तोच राहिला. ते कुणी बदलायचं? त्या घरात याचं उत्तर नव्हतं.

आता चोराच्या ऑफिसात जाऊ. लांब जायला नको. दहिसरच्या पुढचं स्टेशन.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले आणि सातशेच्या वर माणसं ताब्यात घेतली. काय चालायचं तिथे? अमेरिकेत दिवस असेल तेव्हा, म्हणजे आपल्या रात्री, तिथल्या लोकांना फोन जायचे: आम्ही आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ता भरा नाहीतर अटक. पैसे गिफ्ट कार्डांतून उकळायचे. बोलणारी आपल्याच उपनगरांतली पोरं. त्यांना अमेरिकन नावं दिलेली, उच्चार घोटून घेतलेले, समोरचा काय म्हणाला की आपण काय म्हणायचं याची छापील संहिता हातात. पाळ्या होत्या, पर्यवेक्षक होते, पगार होता.

मी हे मुद्दाम सांगतोय. आपल्याला वाटतं हॅकर म्हणजे टोपी घातलेला एकटा बुद्धिमान. मीरा रोडच्या त्या मजल्यावर तसा कुणी नव्हता. तिथे होती ती शिस्त. आणि तुमच्या घरी फोन येतो तेव्हा पलीकडे अशी एक अख्खी कचेरी असते, अलीकडे फक्त तुम्ही, दुपारी, एकटे, हातात पोहे.

हीच संहिता आता आपल्याकडे वळलीय. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या जागी सीबीआय, कस्टम्स, मुंबई पोलीस आले. ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत’ म्हणतात आणि व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवतात. डिजिटल अटक म्हणे! ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं की अशी अटक कायद्यात नाही. विजेचा मेसेज तर इथल्या निम्म्या लोकांना आला असेल: मागच्या महिन्याचं बिल नोंदलं गेलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर अधिकाऱ्याला फोन करा. अंधेरी-बोरिवलीत बहुतेक घरी अदानी किंवा टाटाची वीज, आपल्याकडे मुलुंड-भांडुपला महावितरण. मेसेज मात्र सगळीकडे तोच. त्यात बऱ्याचदा कंपनीचं धड नावही नसतं, तुमचा ग्राहक क्रमांक तर नसतोच. पण साडेनऊ वाचल्यावर ते बघायला कुणाला सुचतं? सगळं कसब त्या साडेनऊमध्ये आहे.

आणि फोन केलात की पलीकडचा साहेब फार मदत करतो. म्हणतो, काका, एक छोटं ॲप घ्या, मी इथूनच करून देतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर अशी त्यांची नावं. ही ॲप्स वाईट नाहीत, सिएटलची मुलगी याच ॲपने आईचं मशीन दुरुस्त करते. पण एकदा आकडा सांगितला आणि परवानगी दिली की तुमचा पडदा त्याच्या पडद्यावर. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. त्याचाच दुसरा भाऊ म्हणजे कॉम्प्युटरवर अचानक उगवणारी लाल पाटी. कर्कश आवाज येतो आणि पाटीवर लिहिलेलं असतं, ‘तुमचं मशीन बाधित आहे, मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा.’ मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. कधीच. पाटी हलत नसेल तर एस्केपचं बटण दाबून धरा, नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि चहा करायला जा.

मग करायचं काय? घरात एक कारभारी नेमा. जमलं तर कारभारीण, माझा अनुभव बरा आहे. तो कॉम्प्युटर इंजिनिअर असायची गरज नाही. ज्याला सोसायटीचं मेंटेनन्स वेळेवर भरायची सवय आहे, तो चालेल.

कारभाऱ्याने पहिल्यांदा विंडोजमध्ये दोन खाती करायची. ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड फक्त कारभाऱ्याकडे. रोजचं काम सगळ्यांनी ‘स्टँडर्ड’ खात्यावर. आता घाटकोपरचा मुलगा अँटिव्हायरस बंद करायला गेला असता तर मशीनने पासवर्ड मागितला असता, त्याला आईला हाक मारावी लागली असती, आणि आईने विचारलं असतं, ‘कशाला रे?’ त्या प्रश्नाने बरंच काम होतं. अँटिव्हायरस कुठला घेऊ, असं मला नेहमी विचारतात. विंडोजसोबत आलेला डिफेंडर चालू आणि अद्ययावत असेल तर घराला पुरतो, हे माझं मत. विकतचा घेतलात तर हरकत नाही, पण दोन-दोन घालू नका आणि तो आहे म्हणून क्रॅक घालू नका.

अपडेट. ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर हाहाकार केला, इंग्लंडमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दिली होती. दोन महिने! आणि विंडोज १० वाल्यांनी लक्ष द्या. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय कंपनीने ठेवली, पण त्यासाठी आपल्याला नोंदणी करावी लागते, ती आपोआप होत नाही. नंतर विंडोज ११ चढत नसेल तर त्या मशीनवर लिनक्स घाला, किंवा ते फक्त गाणी ऐकायला ठेवा. बँक त्यावर नको.

आता पासवर्ड, आणि इथे मी जरा अधार्मिक बोलणार आहे. पासवर्ड वहीत लिहा. वर्षानुवर्षं आपल्याला सांगितलं गेलं की लिहू नका, दर तीन महिन्यांनी बदला, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला. हे नियम २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या बिल बर यांनी लिहिलेल्या दस्तऐवजातून आले. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनीच सांगितलं की त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याचा त्यांना पश्चात्ताप होतो. बदला-बदला म्हटलं की माणूस शेवटचा एक काढून दोन लावतो, हे चोरालाही कळतं. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, लांब पासवर्ड होतो आणि लक्षातही राहतो. मुलांचं नाव नको, गणपतीचं नको, बिल्डिंगचं तर नकोच. आणि वही? परदेशात बसलेल्या चोराला मुलुंडच्या कपाटातली वही दिसत नाही. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची शंका असेल तर कुलपात ठेवा. पण कार्डाचा पिन त्यात नको, आणि कृपा करून पडद्याच्या कडेला चिकटवू नका.

वहीचा खरा फायदा म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवता येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती बाहेर पडल्याच्या बातम्या आल्या. भाजीवाल्याकडून आपला पत्ता फुटला, चालेल, सहन करू. पण भाजीचा आणि ईमेलचा पासवर्ड एकच असला तर? ईमेल गेलं की ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून बाकीचं सगळं उघडता येतं, त्यात बँकही आली. म्हणून ईमेलला दुहेरी पडताळणी लावा, आजच. बँकेच्या बाबतीत आणखी एक सोय झालीय. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा स्वतंत्र पत्ता दिलाय आणि त्यावर येण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत घातली होती. तेव्हा पत्त्याचा शेवट बघा. शोधयंत्रात वर आलेल्या जाहिरातीवरून बँकेत शिरू नका, आणि ग्राहकसेवेचा नंबर तर तिथे मुळीच शोधू नका.

राउटर बसवायला येणारा मुलगा जो पासवर्ड ठेवून गेला तो बदला, एवढंच त्याबद्दल.

बॅकअपचं मात्र थोडं सविस्तर. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडा, फोटो आणि कागद उतरवा, आणि काढून ठेवा. काढून ठेवा हे महत्त्वाचं. कारण डिस्क कायम जोडलेली असली तर त्या रात्री तीही कुलूपबंद होते. घाटकोपरच्या घरी डिस्क होती, मशीनला लावलेलीच होती. दुसरी प्रत डोंबिवलीच्या बहिणीकडे. २६ जुलै २००५ च्या पुरात ज्यांचे अल्बम पाण्यात गेले, त्यांना दुसऱ्या घरी प्रत ठेवण्याचं महत्त्व मी समजवायला नको.

आणि एवढं करूनही झालंच तर? होतं. सहकार क्षेत्रातल्या मोठ्या, १९०६ पासूनच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला, दोन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले, २८ देशांतल्या एटीएममधून खोट्या कार्डांनी पैसे काढले गेले. त्यांच्याकडे तर माहितगार माणसं होती. तेव्हा फसलो म्हणजे आपण मूर्ख, हे डोक्यातून काढून टाका.

मी हे भाषणाच्या ओघात म्हणत नाही. फसवणुकीनंतर पैसे वाचतात की जातात हे पहिल्या काही तासांत ठरतं. १९३० हा नंबर फिरवला किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली की ती पैसे पोचलेल्या बँकेकडे जाते आणि तिथे रक्कम रोखता येते. पण चोर ती पुढे पाठवतो, एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. शर्यत असते. आणि आपल्या घरांत त्या पहिल्या तासांत काय होतं? काका कुणालाच सांगत नाहीत. मुलगा ओरडेल, सून काय म्हणेल, आता आपल्या हातातून बँकेचं काम काढून घेतील. रात्र अशी जाते. दुसऱ्या दिवशी बायकोला सांगतात, ती म्हणते, आधी बँकेत जाऊन विचारू. तिसरा दिवस. चोराची संहिता या लाजेचा हिशेब धरून लिहिलेली असते. म्हणून तरुण मंडळींना माझं सांगणं आहे, आज घरी जाऊन आईवडिलांना एवढंच म्हणा: काही झालं तर आधी मला सांग, मी ओरडणार नाही. आणि खरंच ओरडू नका.

नियमही वेळ बघतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नसेल आणि बँकेचीही नसेल, तर कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तोशीस तुम्हाला नाही. तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे आपली चूक असली तरी फोन लवकर करण्यात फायदाच आहे. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असेच नियम लागू झाले. पोलिसांकडे जायचं तर थेट वरळीला किंवा क्रॉफर्ड मार्केटला धावायला नको; २०२१ पासून मुंबईत विभागवार सायबर पोलीस ठाणी आहेत, आणि साध्या ठाण्यातही तक्रार घेतात. जाताना मेसेजचे फोटो, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ लिहून न्या. फोनमधलं काही पुसू नका.

शेवटी एका कॉम्प्युटरबद्दल बोलायचं राहिलंय. तो तुमच्या घरात नाही, खाली सोसायटीच्या ऑफिसात आहे. घरचा बेवारस म्हटला, तर हा अनाथच. सभासदांच्या नोंदवह्या, ‘आय’ आणि ‘जे’, त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, नॉमिनेशन, भाडेकरूंचे आधार, पोलीस पडताळणीचे अर्ज, गाड्यांचे नंबर, सगळं त्यात. पासवर्ड? बिल्डिंगचं नाव आणि १२३. माहीत कुणाला? मॅनेजरला, मागच्या मॅनेजरला, अकाउंटंटच्या पोराला. आणि भिंतीवर सीसीटीव्हीचा डबा, कारखान्यातून आला त्याच पासवर्डवर. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. तो हल्ला ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने केला, आणि त्यात जुंपलेली फौज म्हणजे जगभरचे असेच कॅमेरे आणि डबे. कारखान्यातल्या पासवर्डच्या साठेक जोड्या पाठ असल्या की ते उघडत होते. रखवालीसाठी लावलेला डबा चोराच्या फौजेत!

वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी, पार्किंग आणि कबुतरांची जाळी यांवर आपण तीन-तीन तास भांडतो, भांडलंच पाहिजे. यंदा विषयपत्रिकेत आणखी एक विषय टाका: ऑफिसच्या कॉम्प्युटरचा आणि कॅमेऱ्याच्या डब्याचा पासवर्ड कुणाकडे, आणि मॅनेजर बदलला की तो कोण बदलणार. ठरावात पदाचं नाव लिहा, सेक्रेटरी की खजिनदार, ते. सभासदांच्या आधारच्या प्रती खरोखर ठेवायची गरज आहे का, हेही विचारा. माझ्या मते नाही. बघून परत करता येतात.

कार्यकर्त्यांनी प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटं ठेवली आहेत, माइक मधल्या रांगेतून फिरेल. एकच विनंती, प्रश्न विचारताना उदाहरण म्हणून स्वतःचा पासवर्ड सांगू नका. लोक सांगतात हो!